गिटारीवरचं बिनरंगी पॉलिश

आमच्या कॉलनीचा दिवाळी अंक निघतो. त्याचं काम बघणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्या दोनदा घरी येऊन गेल्या. म्हणल्या, "नाना, तुमच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हणलं, "बाई, माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग मी आतून बघितला तो तिथल्या कपाटाला पॉलिश मारायला गेलो तेव्हा." त्या म्हणल्या, "तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघते." मी एका अटीवर कबूल झालो. वेलांट्या-उकार त्यांनी बघावेत, पण माझ्या वाक्यांना पेपर मारायचा नाही. पेपर मारणं म्हणजे काय ते पुढं सांगतो.

मी काशिनाथ. मूळचा पिशोर गावचा, आता शहरात पुंडलिकनगरात राहतो. लाकडाला हातानं पॉलिश मारणं हे माझं काम. निवृत्त झालो असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. घरामागं पत्र्याचं शेड आहे, तिथं सकाळी सातला मी हजर असतो. सातलाच का, तर आपल्याकडं उन्हाळ्यात दहानंतर स्पिरिट बाटलीतून लाकडापर्यंत पोचायच्या आत उडून जातं. शेडच्या दारावर मी खडूनं लिहून ठेवलंय, "बोट लावू नये." पॉलिश झालेली वस्तू दिसली की माणसाला बोट लावल्याशिवाय राहवत नाही. मंत्री असो की भंगारवाला, दोघांचा ठसा सारखाच उमटतो आणि पुसावा मलाच लागतो.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चपडा म्हणजे लाख. किडे झाडाच्या फांदीवर ती करतात. ती साफ करून तिचे पापडासारखे पापुद्रे बाजारात मिळतात. ते एक दिवस स्पिरिटात भिजत घालायचे, मलमलीतून गाळायचे, झालं पॉलिश. ते मारायचं पोच्यानं. फरशी पुसायचा पोचा नव्हे. आमचा पोचा म्हणजे कापसाचा गोळा आणि त्यावर जुन्या धोतराचं मऊ कापड. तो पॉलिशमध्ये भिजवायचा, वरून जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि लाकडावर फिरवत राहायचं. एक थर बसला की एक हात झाला. असे चाळीस-पन्नास हात झाले की लाकडात तोंड दिसतं. त्याआधी लाकूड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करावं लागतं, त्याला आम्ही पेपर मारणं म्हणतो. बाईंना जे करू नका म्हणलो ते हेच.

मला हे सगळं शहागंजातल्या त्यांच्या दुकानात उस्ताद कादरभाईंनी शिकवलं. त्यांना उर्दू यायचं, मला चौथीपर्यंतची मराठी. पोचा कसा फिरवायचा ते त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. मी म्हणलं, "उस्ताद, हा तर आमचा मराठी चार." ते म्हणाले, "तेरा चार है तो चार सही. दिनभर चार लिख." मग वर्षभर मी टेबलांवर, कपाटांवर, पलंगांवर चार लिहीत होतो. शाळेत एवढे लिहिले असते तर मास्तरांनी पाचवीत ढकललं असतं. उस्तादांचे नियम दोनच. "रुकना नै, और पलटना नै." पोचा लाकडावर थांबला की चिकटतो. ओल्या जागेवर परत फिरला की खालचं उचलून आणतो. हा दुसरा नियम ध्यानात ठेवा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आमच्याच गल्लीत एकांचं जेवणाचं टेबल केलं. बजावून सांगितलं, गरम भांडं ठेवू नका, लाख आहे, पांढरी पडती. तिसऱ्या दिवशी बोलावणं. टेबलावर कुकरच्या बुडाएवढा पांढरा चंद्र उगवलेला. घरच्या बाई म्हणल्या, "गरम नव्हता हो नाना, नुकताच उतरवला होता."

दुसरं गिऱ्हाईक माझ्याच गावचं. पिशोरच्या एका माणसानं त्याच्या आईचा देव्हारा आणला. आई नुकतीच गेली होती. सागवान चांगलं, पण पुढच्या पट्टीवर निरांजनानं जळून काळा खड्डा पडलेला. "पॉलिश मारून द्या," एवढंच तो बोलला. मी खड्डा तासला, बुजवला, रंग असा मिळवला की बोट फिरवून कळू नये. नेताना त्यानं त्या पट्टीकडं बघितलं आणि बराच वेळ त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. मग गुपचूप देव्हारा उचलून गेला. माझं काम बघून माणूस मुका झाला, हे मी कितीतरी वर्षं लोकांना छाती फुगवून सांगत होतो.

आता अन्वरचं सांगतो, कारण तो पुढं लागणार आहे. अन्वर उस्तादांचा मुलगा. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. आम्ही एकाच फळीवर बसून काम केलं. उस्ताद गेले आणि वर्षाच्या आत यानं कंप्रेसर आणला, स्प्रेची गन आणली. सकाळी कपाट आत, संध्याकाळी बाहेर. मी म्हणलं, "अन्वर, हे पॉलिश नव्हं, फवारणी हाय. कपाशीवर मारत्यात तशी." तो म्हणाला, "नाना, गन में धब्बा नै, निशान नै. लकडी को छूती भी नै वो." मी म्हणलं, "जी लाकडाला शिवत नाय ती कसली कारागिरी? तुझ्या बापाच्या दुकानात मी आता पाय ठेवणार नाय." आणि नाही ठेवला. बारा वर्षं. शहागंजात दुसरं काम असलं तरी मी ती गल्ली सोडून पलीकडून जायचो. लोक म्हणायचे नाना हट्टी आहे. बरोबर आहे, आहे.

तर गेल्या हिवाळ्यात एक मुलगी स्कूटरवरून शेडला आली. मृणाल तिचं नाव, तिशीची असंल, वाळूजकडं कंपनीत इंजिनिअर. पाठीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. सोडून बघितलं तर गिटारीचं नुसतं धड. पोकळ नव्हे, ठोकळी, विजेवर वाजती त्यातली. शिवणीचं लाकूड, हलकं, पिवळसर. मध्ये दोन चौकोनी खड्डे, वर मान बसवायची खाच. तिनं हे स्वतः बनवलं होतं, कापण्यापासून. पाठ कोरी होती आणि पुढच्या अंगाला रंग दिलेला. मधोमध मधासारखा पिवळा आणि कडेकडेला गडद होत जाणारा तपकिरी. चांगला दिला होता, खोटं कशाला बोलू. फक्त खालच्या डाव्या बाजूला तपकिरी रंगाची एक रेघ कडेपासून सुटून आत पिवळ्यात भरकटलेली. शाईत पाय बुडवून मुंगी चालत जावी तशी.

"हे चुकलंय हितं," मी म्हणलं.

"असू द्या," ती म्हणाली. "रंगाला काहीच करायचं नाही. वरून फक्त बिनरंगी पॉलिश. जसं आहे तसं खालून दिसलं पाहिजे."

"मग सोपं हाय."

ती जाईना. चादरीची घडी करत उभी राहिली. मग म्हणाली, "नाना, हा रंग माझ्या बाबांनी दिलाय. त्यांना कंपवात झालाय. हात थरथरतो. एवढं करायला त्यांना अख्खा दिवस लागला. परत त्यांना जमेल असं मला वाटत नाही. म्हणून विचारते. हा रंग स्पिरिटमध्ये कालवलेला आहे, आणि तुमच्या पोच्यातही स्पिरिटच असणार. रंग उठणार नाही ना?"

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासनं मी पोचा फिरवतोय."

"ते मान्य आहे. पण मी वाचलं की पहिला थर न शिवता द्यावा लागतो, स्प्रेनं..."

स्प्रे शब्द आला आणि माझं डोकं फिरलं. "वाचलेलं असंल तर वाचणाऱ्याकडं जा. हितं पोचा फिरतो."

ती धड ठेवून गेली. जाताना दारावरचा खडू वाचून हसली आणि म्हणाली, "बोट नाही लावलं हं."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांच्या माणसाला हे माहीत कसं नाही? सांगतो. आमच्या कामात रंग मीच देतो. एक तर पाण्यातला देतो, तो वाळला की स्पिरिटला जुमानत नाही. नाही तर पॉलिशमध्येच कालवून देतो. दुसऱ्यानं स्पिरिटात कालवून दिलेला कच्चा रंग आणि त्यावर माझा ओला पोचा, हा प्रसंग माझ्यावर आलाच नव्हता. आला नव्हता हे मला कळायला पाहिजे होतं. ती कालची पोर विचारत होती तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मी आधी पाठ केली. पाठ कोरी, त्यामुळं तिथं पॉलिश असं बसलं की मीच मला शाबासकी दिली. मग धड उलटं केलं. मधल्या पिवळ्यावर पोचा फिरवला, काही झालं नाही. तिथं रंग पातळच होता. तसाच चार काढत खालच्या डाव्या कडेला आलो. तिथं तपकिरी जाड होता. पोचा गेला आणि मागं ओलं मळकट दिसलं. हात थांबवायला पाहिजे होता. पण मला वाटलं पोचा कमी भिजला, म्हणून मी परत फिरलो. उस्तादांनी नको सांगितलं होतं तेच केलं. पोचा उचलून बघितला तर चहात बुडवलेल्या खारीसारखा तपकिरी. आणि लाकडावर तळहाताएवढी जागा अशी, की जणू तिथं कुणीतरी गढूळ पाण्याचं फडकं पिळलंय. मुंगीची रेघ गेलेली. पुसली गेली, सपशेल.

मी खाली बसलो. सूनबाई चहा घेऊन आली, म्हणाली, "नाना, काय झालं?" मी म्हणलं, "काय व्हायचंय?" चहाचा कप परत न्यायला आली तेव्हा चहा तसाच होता.

मग मी केलं ते हे. स्पिरिटच्या फडक्यानं ती जागा साफ केली. रंग मिळवला. या कामात माझा हात धरणारा गावात नाही, हे मी आजही म्हणतो. तपकिरीत किंचित काळा, किंचित लाल. बारीक कुंचल्यानं, चपड्यातच कालवून, थोडा थोडा, तीन दिवस. कड गडद, आत येताना फिकट, जसं बाकीच्या अंगावर होतं तसं. बाकीची कडही पोच्याखाली अशीच उठली असती, म्हणून तीही पुसून तशीच भरली; आता कडेचा सगळा रंग माझा होता, वर पोच्याचे हात बसवता आले. आठवड्याभरात धड आरशासारखं झालं. रेघ मी परत काढली नाही. मनाला सांगितलं, चूकच होती ती. गेली ते बरं झालं, उलट उपकार झाले. मृणालला फोन करून या म्हणलं. झालं काय ते सांगितलं नाही.

ती रविवारी सकाळी आली, आणि वडलांना घेऊन आली. शिडशिडीत माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, डावा हात काठीवर. उजवा हात मांडीवर ठेवला तरी थांबत नव्हता, कोंबडीचं पिल्लू हातात धरल्यासारखा हलत होता. मृणालनं ओळख करून दिली. ते कोर्टात नकलनवीस होते. म्हणजे कोर्टाच्या कागदाची नक्कल काढून देणारे. पूर्वी टाइपिंगच्या आधी हातानंच लिहायचे. अक्षर असं होतं म्हणे, की वकील नुसतं बघायला मागायचे.

मी धड त्यांच्यापुढं स्टुलावर ठेवलं. मृणाल म्हणाली, "बाप रे, नाना!" खूश झाली होती. वडील पुढं वाकले. चष्मा वर केला, खाली केला. बोट न लावता, हवेतूनच, कडेकडेनं फिरवत खालच्या डाव्या बाजूला आले आणि तिथं थांबले.

"मिस्तरी," ते म्हणाले, "इथं एक वाकडी रेघ होती."

मी म्हणलं, "काढली साहेब. दोष व्हता."

"कुणी सांगितलं काढायला?"

मी खांद्यावरचं फडकं उगाच झटकलं.

ते रागावले नव्हते. समजावून सांगितल्यासारखं बोलले. "मी आयुष्यभर नकला काढल्या. आमच्यात एक शिस्त असते. मूळ कागदात चूक असली, नाव चुकलं असलं, तरी नकलेत ते तसंच उतरवायचं. दुरुस्त करायचं नाही. दुरुस्त केलं की ती त्या कागदाची नक्कल राहत नाही, तुमचा कागद होतो." मग म्हणाले, "तुम्ही दिलेला रंग फार चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला. त्यामुळंच कळलं."

मला देव्हारा आठवला. पिशोरच्या त्या माणसाचं तोंड आठवलं. माझं काम बघून मुका झाला म्हणत होतो मी. त्याच्या आईनं रोज दिवा लावून पाडलेला खड्डा मी बुजवून दिला होता, आणि तो बिचारा कुणाला काय सांगणार होता?

माझ्या तोंडून मग खरं निघालं. "साहेब, मी काढली नाय. गेली ती. पोच्यानं उठली. तुमच्या पोरीनं आधीच विचारलं व्हतं मला. मी ऐकलं नाय."

मृणालचा चेहरा लाल झाला. "मी विचारलं होतं, नाना. तोंडावर विचारलं होतं."

"व्हय."

"बाबांना परत जमणार नाही हेही सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं."

"आणि तुम्ही आठ दिवस आम्हाला काही न कळवता..."

"मृणाल," वडील म्हणाले. ती बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभी राहिली. वडलांनी मला विचारलं, "मिस्तरी, हे परत कोरं होईल?"

"व्हईल. स्पिरिटनं धुतो, पेपर मारतो. लाकूड जाड हाय."

"मग करा. रंग मी देतो."

"बाबा!" ती बाहेरून ओरडली. "हात बघा तुमचा!"

"बघतोय की," ते म्हणाले. "आहे जागेवर."

दोन दिवसांत मी धड कोरं केलं. मानेच्या खाचेत एक काठी स्क्रूनं बसवली, म्हणजे अंगाला न शिवता धरता येतं. नकलनवीस साहेब सकाळी आठला आले आणि दुपारी दोनला उठले. उजवा हात थरथरायचा म्हणून तो डाव्या हातानं मनगटाशी धरायचे. मग डावाही थरथरायचा. मृणाल दोनदा पुढं झाली, दोनदा त्यांनी नुसतं बघितलं आणि ती मागं सरकली. मलाही हात पुढं करावासा वाटत होता. मी पाठीमागं हात बांधून उभा राहिलो. पिवळा नीट बसला. तपकिरीची कड फिरवताना मात्र एक नाही, तीन ठिकाणी रेघा सुटल्या. एक तर पार मधल्या खड्ड्यापर्यंत गेली.

साहेबांनी फडकं खाली ठेवलं. "मागच्यापेक्षा वाईट झालं."

"व्हय," मी म्हणलं.

ते हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "आता हे नकलेसारखं उतरवा. चुकांसकट."

इथंच तर अडलं होतं. पोचा लावला की उठणार. कुंचला लावला तरी उठणार, कुंचलाही शिवतोच. लाकडाला न शिवता पॉलिश बसवणारी एकच वस्तू मला माहीत होती, आणि ती कुठं आहे तेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते धड काठीनं धरून शहागंजच्या शेअर रिक्षात बसलो. झाकलं नव्हतं, कापड घासलं असतं. शेजारची बाई भाजीची पिशवी सावरत म्हणाली, "काय वो हे बाबा?"

"गिटार."

"मुंडकं कुठंय मग?"

"घरी ठिवलंय. रिक्षात जागा नव्हती."

बारा वर्षांनी त्या गल्लीत शिरलो. अन्वरची दाढी पांढरी झालेली. तो तोंडावरचा रुमाल खाली करून बघत राहिला. म्हणाला, "क्या जी नाना. गली चुके क्या?"

"नाय चुकलो. रंग कच्चा हाय. शिवायचं नाय. पहिला हात तू मार."

"मैं? फवारनी?" तो म्हणाला. "कपास नै है ये नाना, लकडी है."

"बोल, बोल. बारा वर्षांचं बोलून घे."

"बारा साल का बोलने बैठा तो तुम्हारा रंग सूख के झड जाएगा." त्यानं काठी माझ्या हातातून घेतली, धड उजेडाकडं केलं. रेघा बघितल्या. "ये किसने किया?"

"ज्यानं केलं त्याचा हात थरथरतो. तसंच राह्यलं पायजे."

त्यानं मान हलवली. मेलामाइनचा, म्हणजे गनमध्ये नेहमी घालतात त्या तयार पॉलिशचा, डबा काढायला लागला. मी म्हणलं, "ते नको. चपडा."

"गन में चपडा कौन डालता नाना? कायकू जिद करते?"

"मी वर पोच्याचे हात देणार हाय. चपड्यावरच चपडा धरतो. पातळ कर, धुक्यासारखा."

मग आम्ही भांडलो, पातळ किती यावर. चहा येईपर्यंत भांडलो, चहा पिताना भांडलो. त्यानं चपडा कालवला आणि गाळायला कापड काढलं, तर जुन्या धोतराचं. मी बघितलं ते त्यानं बघितलं. म्हणाला, "अब्बा बोलते थे दुसरे कपडे में मजा नै." नंतर गन माझ्यापुढं केली. "मारो एक बार. देखो तो सही." मी घोडा दाबला आणि पहिला फवारा त्याच्या शर्टावर गेला. गल्लीतले दोघं-तिघं हसले. मी गन परत दिली. त्याच्या हातात ती वेगळीच चालायची, हेही लिहून ठेवतो. हात भरभर, एका अंतरावरून, कड संपली की पुढं हवेत सोडायचा आणि मग परत. तोसुद्धा कुठं थांबत नव्हता आणि ओल्यावर पलटत नव्हता. त्यानं असे तीन पातळ हात दिले, मध्ये वाळू देत. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

"गन छूती नै लकडी को," अन्वर म्हणाला. "मैंने बोला था."

"म्हणून तर आलो."

"लडे भी तो इसी पे थे नाना."

"व्हय. इसीपे," मी म्हणलं.

घरी आणून आठवडाभर वाळू दिलं. मग भीत भीत पोचा हातात घेतला. आधी एका कोपऱ्यावर टेकवला, उचलून बघितला. पांढरा होता. मग पुढचे सगळे हात माझे. कडांवर पेपर अगदी नावाला मारला, कारण कडेला थर पातळ असतो, दोन फेरे जास्त झाले की रंग कापला जातो. आजही कुणी विचारलं तर मी सांगीन की नुसत्या गनच्या पॉलिशला खोली नसते, आणि अन्वर सांगंल की नाना म्हातारे झाले. आता महिन्या-दोन महिन्यांतून त्याच्या दुकानात जाऊन आम्ही हेच एकमेकांना सांगतो.

नकलनवीस साहेब आणि मृणाल धड न्यायला आले. आमच्या धंद्यात काम देताना ते ट्यूबलाइटखाली तिरपं धरून दाखवतात. लाकडात ट्यूबचं प्रतिबिंब पडतं. ते कुठं वाकलं, तुटलं, तर पॉलिश कच्चं. मी धरलं. ट्यूब या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ, दोरी ताणल्यासारखी. आणि तिच्या खाली तीन रेघा आपापल्या वाटेनं भरकटलेल्या, जशा साहेबांनी सोडल्या होत्या तशा.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. या खेपेला हवेतून नाही, सरळ बोट टेकवलं. सगळ्यात लांब रेघेच्या सुरुवातीला टेकवलं आणि तिच्यावरून मधल्या खड्ड्यापर्यंत नेलं. बोट थरथरत गेलं. खालून रेघही तशीच गेलेली होती, जिथं बोट डावीकडं तिथं रेघ डावीकडं.

"उतरलंय," ते म्हणाले.

काचेसारख्या पॉलिशवर बोटाचा लांबलचक माग उमटला होता. मृणालनं दाराकडं, माझ्या खडूकडं बघितलं आणि घाईनं ओढणीचं टोक घेऊन पुसायला वाकली.

मी म्हणलं, "राहू दे."